झिरो मांडीवर घेऊन

इंग्लंडला जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, काय काय पाहिलंत? खरं सांगायचं तर मी मुख्यतः एक पुठ्ठ्याचा डबा पाहिला. विमानात तो मांडीवर होता, लंडनच्या ट्यूब रेल्वेत मांडीवर होता, लेकीच्या घरी उशाशी होता. त्याच्या कडेवरून इंग्लंडचं जे काही दिसलं ते इथे लिहिते आहे.

डब्यात एक जपानी लढाऊ विमान होतं. दुसऱ्या महायुद्धातलं झिरो. वीतभर लांबीचं, प्लास्टिकचं, माझ्या नवऱ्यानं जोडलेलं आणि रंगवलेलं. मिलिंद नागपूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. आमची कॉलेजपासूनची ओळख, त्यामुळे अहो-जाहो कधी जमलंच नाही. लोकांचे नवरे निवृत्त झाल्यावर भाजी आणायला लागतात, आमचा चिमट्यात धरून विमानाच्या आरशाएवढं काहीतरी शोधत जमिनीवर रांगायचा. मी मराठीची मास्तरीण. मला त्या टेबलाला हात लावायची परवानगी नव्हती, आणि मी तिची मागणीही कधी केली नाही.

मागच्या वर्षी त्याला पार्किन्सन्स असल्याचं कळलं. हा शब्द आमच्या घरी डॉक्टरांच्या फायलीपुरताच. चहा सांडला की मी म्हणते, कप फार भरला होता. शर्टाचं बटण लागेना की तो म्हणतो, काज लहान शिवलंय. हात हलतो, असं आम्ही दोघंही म्हणत नाही.

हे झिरो पूर्ण झालं त्या दिवशी त्यानं ब्रश धुतले, पुसले, खोक्यात ठेवले आणि खोक्याला दोरी बांधली. मला कळलं की हे शेवटचं.

इंग्लंडच्या मधल्या भागात, मिडलँड्समध्ये, अशा मॉडेलांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथल्या टेबलावर एकदा आपलं विमान ठेवायचं ही त्याची जुनी हौस. पण गोळ्या बदलणं चालू होतं आणि डॉक्टरांनी इतक्या लांबच्या प्रवासाला नको म्हणून सांगितलं. "तू सुजाताकडे जातेच आहेस," तो म्हणाला, "याला घेऊन जा." सुजाता आमची मुलगी, लंडनजवळ स्लाऊला सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी हो म्हटलं.

नागपूर ते हीथ्रो

निघताना मिलिंदनं डबा उघडून दाखवला. विमान पोटाशी फोमच्या दोन खाचांमध्ये धरलेलं, पंख मात्र मोकळे, अधांतरी. "पंखाला कशाचाही आधार द्यायचा नाही," तो म्हणाला. "आधार दिला की तो दाबतो. मोकळा पंख हलतो, पण मोडत नाही. मधे काही कोंबू नकोस." मी मान डोलावली. त्याची बहीण घरी राहायला आली होती. तिला मी गोळ्यांच्या वेळा इतक्यांदा सांगितल्या की ती म्हणाली, "वहिनी, आता तू जा, नाहीतर मलाच गोळी लागेल."

मुंबईला सिक्युरिटीवरच्या बाईंनी विचारलं, डब्यात काय आहे? "प्लास्टिक मॉडेल" हे दोन शब्द मिलिंदनं माझ्याकडून घोकून घेतले होते. ऐनवेळी माझ्या तोंडून निघालं, "मॅडम, लढाऊ विमान." मग जे व्हायचं ते झालं. डबा उघडला, तीन-चार जण वाकून बघायला लागले, आणि मी हात जोडून "पंखाला लावू नका, पंखाला लावू नका" म्हणत राहिले. शेवटी बाई हसल्या आणि म्हणाल्या, "जा काकू. पण पुढे कोणी विचारलं तर खेळणं म्हणा." खेळणं म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

स्लाऊ

सुजाताच्या घराच्या खिडकीतून गोदामांची लांब छपरं दिसतात आणि वरून सतत हीथ्रोची विमानं जातात. पहिल्या सकाळी एक इतकं खाली आलं की मी चहाचा कप खाली ठेवला. ही सवय माझी नाही, माझ्या सासऱ्यांची.

सासरे तरुणपणी पलटणीत होते, बर्माच्या आघाडीवर. आम्ही दोघं त्यांना बाबा म्हणायचो, सुजाता आजोबा. वरून जपानी विमान आलं की चिखलात तोंड घालून पडायचं, एवढंच ते सांगायचे. म्हातारपणीही सोनेगावच्या विमानतळावरचं विमान घरावरून गेलं की त्यांच्या हातातला घास थांबायचा. विमान गेलं की जेवण पुढे चालू. त्या विमानांना ते झिरो म्हणायचे. मिलिंदनं पुढे वाचून काढलं की तिथे बहुतेक वेळा झिरो नव्हतंच. झिरो नौदलाचं. बर्मावर यायचं ते जपानी लष्कराचं की-४३, दिसायला चुलतभावासारखं, पण बंदुका दोनच. आपल्याकडचे सगळे सैनिक सरसकट झिरोच म्हणत. हे त्यानं बाबांना सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "चिखलातून नंबर दिसत नसतो."

आजोबा ज्याला घाबरायचे ते बाबा इतक्या प्रेमानं का बनवतात, असं सुजातानं लहानपणी एकदा विचारलं होतं. मिलिंद म्हणाला होता, "त्यांना मान वर करून बघता आलं नाही. मला वरून बघायचंय."

नवरा बोलत राहिला की बायकोच्या डोक्यात काही ना काही शिरतंच. मला झिरोबद्दल माहिती आहे ती अशी. जपानी नौदलाला एकाच विमानात सगळं हवं होतं. लांब जाणारं, झटक्यात वळणारं, जोरात चढणारं. इंजिन तर बेताचंच. मग करणार काय? वजन काढलं. पायलटच्या पाठीमागे पोलादी पत्रा नाही, गोळी लागली तर आपोआप बुजणारी टाकी नाही. त्यामुळे सुरुवातीला ते कुणाला आवरलं नाही. त्याच्याशी वळणात स्पर्धा करायला गेलेली ब्रिटिशांची स्पिटफायरसुद्धा फसली. पण वेग फार वाढला की पायलटच्या हातातला वळवायचा दांडा दगडासारखा जड व्हायचा, आणि सरळ खाली सूर मारणाऱ्या शत्रूच्या मागे त्याला जाता यायचं नाही. शत्रूला हे कळल्यावर त्याचे दिवस भरले. "हलकं म्हणून चपळ आणि हलकं म्हणूनच जळकं," असं मिलिंद म्हणतो. मला दर वेळी एकच वाटतं, ज्यानं तो पत्रा काढला त्याला आत बसणाऱ्या पोराची आई एकदा भेटायला हवी होती.

पंखांची तर गंमतच. मॉडेल २१ चे पंख लांब, विमानवाहू जहाजाच्या लिफ्टमध्ये जेमतेम मावणारे. मग मॉडेल ३२ मध्ये टोकं सरळ छाटून टाकली. विमान गिरकी चटकन घ्यायला लागलं, पण नवं मोठं इंजिन आल्यानं टाकी लहान झाली आणि पल्ला घटला. ओरड झाली. मॉडेल २२ ला पंख परत लांब केले, त्यात जादा टाक्या बसवल्या. मॉडेल ५२ ला परत आखूड, पण गोल, आणि पत्रा जरा जाड. मी म्हटलं, हे तर ब्लाउजच्या बाह्यांसारखं झालं. मिलिंदला ही उपमा अजिबात आवडली नव्हती.

आमच्या डब्यातलं मॉडेल २१.

मधे एक दिवस सुजाता मला वेम्बलीला घेऊन गेली. ईलिंग रोडवर कढीपत्ता, ज्वारीचं पीठ, सगळं मिळतं. डबा घरी ठेवायला मी तयार नव्हते. "आई, घराला अलार्म आहे," ती म्हणाली. "आणि तुझं हे प्लेन कोण चोरणार? सीरियसली!" तरी मी तो नेला. ट्यूबच्या जुबिली लाइनमध्ये समोरचा मुलगा बराच वेळ डब्याकडे बघत होता, मग उठून त्यानं मला कोपऱ्याची जागा दिली. आत केक असावा असं त्याला वाटलं असणार.

मिडलँड्सकडे

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. वाटेत एका विमानसंग्रहालयात थांबायचा मिलिंदचा हुकूम होता. तिथे की-१०० नावाचं खरंखुरं जपानी विमान आहे. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि मला आवडलं नाही. फार मोठं वाटलं. वीतभर झिरो बघून बघून माझी भीती वीतभर झाली होती, ती इथे एकदम वाढली. बाबांच्या डोक्यावरून असलं काही गेलं असेल तर माणूस जन्मभर घास का थांबवणार नाही?

मी मिलिंदला व्हिडिओ कॉल लावला. नवरा पहिल्यांदा बायको बघेल असं वाटलं होतं. "तू बाजूला हो," तो म्हणाला, "ते नाक दाखव." मग तिथूनच व्याख्यान. या विमानाला आधी लांबट, पाण्यानं थंड होणारं इंजिन होतं. तसली इंजिनं वेळेवर तयार होईनात, झाली तर बिघडायची. कारखान्यात बिनइंजिनाची धडं ओळीनं पडून राहिली. शेवटी दुसऱ्या जातीचं, गोल, हवेनं थंड होणारं इंजिन या अरुंद धडावर बसवलं. "वेग थोडा गेला," मिलिंद म्हणाला, "पण वजन उतरलं, वळायला सुधारलं, आणि मुख्य म्हणजे रोज सुरू व्हायला लागलं." जोडाची जागा मी बोटानं दाखवली. आंब्यावरच्या कलमासारखी ती अजून कळते. फोनमधलं चित्र हलत होतं. मी म्हटलं, "इथे नेटवर्क बरोबर नाही." तो म्हणाला, "हो, तसंच असेल."

पुढची गाडी रद्द होती. इंग्लंडात शनिवार-रविवारी रूळ दुरुस्त करतात आणि लोकांना बसमध्ये घालतात, त्याला रेल रिप्लेसमेंट बस म्हणतात. कुणी भांडत नाही. आपल्याकडे एव्हाना स्टेशनमास्तरच्या खोलीत पन्नास माणसं शिरली असती. इथे सगळे रांगेत उभे राहून आकाशाकडे बघतात. माझं मात्र आगीतून फुफाट्यात झालं. ती बस दर वळणावर अशी कलायची की डब्यातून बारीक टकटक ऐकू यायला लागली. पंख आपटतोय, माझं मन म्हणालं. मन चिंती ते वैरी न चिंती. सुजाता कानात हेडफोन घालून झोपली होती. मी झाकण किलकिलं केलं, गळ्यातली सुती ओढणी काढली आणि पंखांखाली, पंखांवर, हळूच सारली. टकटक थांबली. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

हॉल

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हॉलमध्ये शिरलो. टेबलंच टेबलं, आणि त्यांवर जगातल्या सगळ्या लढाया, शांतपणे उभ्या. माणसं बहुतेक पिकल्या केसांची, कमरेवर हात ठेवून वाकलेली. चिप्स आणि ओल्या कोटांचा वास. आमच्या जागेवर जाऊन मी डबा उघडला, ओढणी काढली, आणि ओढणीबरोबर पंखाचं टोक आलं.

अंगठ्याच्या नखाएवढं. ओढणीच्या धाग्यात अडकून लोंबत होतं.

मी रडले, लपवत नाही. भोवती सगळे परके, आणि मी साठीची बाई ओढणी हातात धरून रडते आहे. काही कोंबू नकोस म्हणून त्यानं बजावलं होतं. धक्क्यांनी नाही मोडलं, माझ्या काळजीनं मोडलं.

"आई, रिलॅक्स. सुपरग्लू आणू, चिकटवू. बाबांना सांगायचंच नाही," सुजाता म्हणाली.

"रंगाची रेघ दिसेल."

"मग काय करायचं? जजिंग आत्ता सुरू होईल."

आणि मग माझ्या डोक्यात तो विचार आला, ज्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला. मॉडेल ३२ चे पंख छाटलेलेच असतात! दुसऱ्या बाजूचंही टोक काढलं आणि हे ३२ आहे म्हणून सांगितलं तर? मी हे इंग्रजीत मोठ्यानं बोलले असावे, कारण शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ खाकरले. कीथ त्यांचं नाव. लालबुंद चेहरा, खिशाला चार चष्मे, पुढ्यात तीन जपानी विमानं.

"नाही चालणार, लव्ह," ते म्हणाले. तिथे परका पुरुष बाईला खुशाल लव्ह म्हणतो, तसं आपल्याकडे ताई म्हणतात. त्यांनी विमानाच्या नाकाकडे बोट केलं. "हवा आत घ्यायचं तोंड खाली आहे. ३२ ला ते वर असतं. या हॉलमध्ये प्रत्येकाला लांबूनच कळेल." त्यांनी एक चष्मा उतरवून दुसरा लावला आणि पंखाचं तुटलेलं तोंड बघितलं. "पण हे मोडलेलं नाही. हे जोडावर सुटलंय. २१ ची टोकं दुमडता यायची, लिफ्टसाठी. वर उभी करायची. दोन्ही बाजू दुमडल्या तर हे अगदी बरोबर आहे."

"पण दुसरी बाजू चांगली आहे."

"हो," कीथ म्हणाले, "ती कापावी लागेल." आणि त्यांनी एक बारीक पातं माझ्यापुढे ठेवलं.

मी म्हटलं, तुम्हीच कापा. ते म्हणाले, दुसऱ्याच्या मॉडेलवर मी पातं चालवत नाही, इथे कुणीच चालवणार नाही. सुजातानं दोन्ही हात मागे घेतले. ज्यानं ते केलं त्याला न विचारता कापायची माझी छाती होईना. मी फोन लावला.

मिलिंद समोर आला. मी काही सुरुवात वगैरे केली नाही. "मी ओढणी कोंबली. डावं टोक निघालं. इथले एक जण म्हणतात, उजवं कापून दोन्ही दुमडा."

त्यानं टोक फोनसमोर धरायला सांगितलं, नीट बघितलं. मग म्हणाला, "फोमचा खालचा थर उचल."

फोमखाली एक कागदाची पुडी होती. आत इवल्या इवल्या बिजागऱ्या आणि टोकांच्या आतल्या फासळ्या, न वापरलेल्या.

"मला पंख दुमडलेलेच करायचे होते," तो म्हणाला. "बिजागरी बसेना. रोज बसायचो, रोज खाली पडायची. शेवटी सरळ चिकटवून टाकले. पण हे टाकवेना, म्हणून ठेवलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू काळजी केली असतीस."

"आणि आता मी इथे काय करतेय असं वाटतं तुला?"

तो हसला. मग त्याचा वर्गातला आवाज आला. "जोडाची रेघ दिसते? पातं तिच्यावर ठेव. दाबू नकोस. नुसतं ओढ. परत त्याच रेघेवरून. परत. घाई कसलीही नाही."

कीथनी फोन रंगाच्या बाटलीला टेकवून उभा केला. मी सुईत दोरा ओवताना दहादा चुकणारी, गॅस बंद केला की नाही म्हणून जिना पुन्हा चढून जाणारी बाई. त्या पात्यावरून नजर काढली नाही. ओढलं, परत ओढलं. बारीक भुगा आला. एका ओढीला टोक अलगद माझ्या बोटांत उतरलं, आणि पंख जागचा हललाही नाही.

आतल्या बाजूला लावायला कीथनी त्यांच्याकडचा रंग दिला. हिरवट निळा, काचेच्या बांगडीसारखा. जपानी लोक विमानाच्या आतल्या भागाला असाच लावत, पत्रा गंजू नये म्हणून. फासळ्या, मग बिजागरी, मग टोक उभं. मिलिंद एकेक सांगत गेला, मी एकेक करत गेले. दुसरी बिजागरी बसल्यावर मी मान वर करून फोनकडे बघितलं. त्यानं एक हात दुसऱ्या हातानं घट्ट धरला होता आणि तो माझ्या हातांकडे बघत होता.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," तो म्हणाला. "आता गोळी घेतो. वेळ टळून गेली माझी."

परीक्षक आले तेव्हा मी कॅन्टीनमध्ये पळून गेले होते. साल न काढलेला भाजलेला बटाटा मधोमध फोडून त्यात चीज भरतात, तो समोर घेऊन बसले आणि सुजाताच्या नकळत पर्समधली लसणाची चटणी वर टाकली. सुजातानं नंतर सांगितलं की एक परीक्षक छोटी बॅटरी घेऊन आमच्या झिरोपाशी वाकला, दुमडलेल्या टोकात उजेड टाकून बघत राहिला आणि पुढे गेला. बक्षीस मिळालं नाही. संध्याकाळपर्यंत विमान टेबलावर होतं, दोन्ही टोकं वर करून, आणि लोक थांबून बघत होते. डबा नसल्यामुळे हात कुठे ठेवावेत हे मला कळत नव्हतं.

घरी

परतीच्या प्रवासात डब्यात काहीही कोंबलं नाही. टकटक आली, ती ऐकली, घाबरले, गप्प बसले.

नागपूरला पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं दिसलं. दोन खुर्च्या. ब्रशांच्या खोक्याची दोरी सोडलेली. मधे एक नवं, न फोडलेलं खोकं, झिरो, मॉडेल ३२.

"याच्या टोकांना दुमडायचं काही नाही," मिलिंद म्हणाला. "तुला सुरुवातीला बरं."

मी हात धुऊन आले, चष्मा लावला आणि बसले. पहिला भाग त्याच्या प्लास्टिकच्या चौकटीतून कापायला घेतला. त्याला राहवेना. आधार द्यायला म्हणून त्यानं आपला हात माझ्या मनगटाखाली आणला, आणि पात्याचं टोक थरथरायला लागलं.

"हात काढ," मी म्हणाले. "हलतोय."

शब्द तोंडातून गेला आणि मी पातं धरून तशीच थांबले. मिलिंदनं माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे.

"हो," तो म्हणाला, "हलतोय खरा." आणि हात काढून घेऊन त्यानं दिवा माझ्या बाजूला सरकवला.